कर साधा का नसतो?

अर्थशास्त्राच्या तासाला सरांनी एकदा अॅडम स्मिथचे करविषयक चार नियम फळ्यावर लिहिले. कर ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे असावा. तो निश्चित असावा, म्हणजे किती, केव्हा आणि कसा भरावयाचा हे देणाऱ्याला आधी ठाऊक असावे. तो देणाऱ्याच्या सोयीने घेतला जावा. आणि त्याच्या वसुलीला खर्च कमीत कमी यावा. हे नियम १७७६ सालचे. मला वाटले, इतकी उघड गोष्ट, आणि अडीचशे वर्षांत जगातील सरकारांना ती साधू नये? मी उभी राहून विचारले, ‘सर, मग एकच साधा आणि न्याय्य कर का लावीत नाहीत? एवढी कलमे, पोटकलमे, सवलती आणि टप्पे कशासाठी?’ वर्गात हशा पिकला. सर मात्र हसले नाहीत. ‘तुझ्या घरी शेती आहे ना? दिवाळीला जाशील तेव्हा सातबारा नीट वाच. शेजारच्या रानाचाही वाच. मग आपण बोलू,’ एवढेच ते म्हणाले.

आमचे गाव इंदापूर तालुक्यात आहे. सातबाऱ्यावर क्षेत्र, पोटखराबा, खातेदाराचे नाव यांबरोबर ‘आकार’ असा एक रकाना असतो. आकार म्हणजे त्या जमिनीवर बसविलेला शेतसारा. आजच्या हिशेबाने ही रक्कम इतकी क्षुल्लक आहे की ती भरण्यासाठी जाण्यायेण्याचा खर्च तिच्याहून अधिक व्हावा. म्हणून या रकान्याकडे मी कधी लक्षच दिले नव्हते. या वेळी दिले. आमच्या नाल्याकडच्या रानाचा आकार होता ९ रुपये ५० पैसे. बांधाला बांध लागून असलेल्या शेजारच्या रानाचा होता ६ रुपये २५ पैसे. क्षेत्र जवळपास सारखे. आणि गावात कोणालाही विचारा, शेजारचे रान आमच्यापेक्षा सरस आहे.

मी आबांना, म्हणजे माझ्या आजोबांना, याचे कारण विचारले. त्यांच्या मनात ही गोष्ट जन्मभर सलत होती हे मला तोवर ठाऊक नव्हते. ‘वाचलंस नव्हं? आमचा साडेनऊ आन् त्यांचा सव्वासहा,’ ते म्हणाले. ‘पयल्या मोजणीला जो कारकून आला, त्याला त्यांनी जेवू घातलं. आमच्या म्हाताऱ्यानं न्हाई घातलं. त्याचं हे फळ.’ मग त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. त्यांच्या आजोबांनी एका अवर्षणाच्या साली सारा भरण्यासाठी सावकाराकडून पैसे उचलले, ते फिटले नाहीत, आणि वरच्या अंगाचे दोन एकर गेले ते गेलेच. आबांच्या मते ते दोन एकर त्या सव्वातीन रुपयांच्या फरकाने खाल्ले.

सुट्टी संपल्यावर मी ग्रंथालयात जमाबंदीवरील जुनी पुस्तके काढून बसले आणि चकित झाले. ज्या तालुक्यात आम्ही राहतो, तो एके काळी न्याय्य करासाठी केलेल्या एका मोठ्या प्रयोगाची पहिली भूमी होता. सरांनी मला सातबाऱ्याकडे का धाडले ते तेव्हा कळले. कर साधा का नसतो, या प्रश्नाचे मला जे उत्तर सापडले ते याच प्रयोगाच्या आधारे येथे मांडीत आहे.

साधेपणाची किंमत

जगातील सर्वांत साधा कर कोणता? डोईपट्टी. माणसे मोजा आणि प्रत्येकाकडून सारखी रक्कम घ्या. हिशेब नाही, चौकशी नाही. परंतु इंग्लंडमध्ये १३८१ साली याच करामुळे शेतकऱ्यांचा प्रचंड उठाव झाला, आणि त्याच देशात १९९० साली तशाच स्वरूपाचा कर बसविला तेव्हा लंडनच्या रस्त्यावर दंगल झाली. जमीनदाराने आणि त्याच्या गड्याने सारखेच द्यावे हे कोणालाच पटत नाही. मग सरकार ऐपतीचे काही बाह्य चिन्ह शोधते. इंग्लंडातच १६९६ पासून घराच्या खिडक्या मोजून कर घेत. मोठे घर, अधिक खिडक्या, अधिक ऐपत, हा तर्क. लोकांनी खिडक्या विटांनी बुजविल्या आणि अंधारात राहणे पत्करले. १८५१ मध्ये तो कर रद्द झाला.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. साधा कर लावावा तर तो अन्यायाचा होतो, कारण माणसे सारखी नसतात. न्यायाचा लावावा तर माणसामाणसांतील फरक मोजावा लागतो. मोजायचे म्हटले की मोजणारा आला, मोजण्याची रीत आली, आणि मोजणी चुकवण्याच्या युक्त्याही आल्या.

आपल्याकडे कर म्हणजे मुख्यतः शेतसारा. त्यात न्यायाची सर्वांत सहज कल्पना म्हणजे पिकाचा वाटा. सभासदाच्या बखरीत शिवछत्रपतींच्या व्यवस्थेची जी हकिगत आहे, तीनुसार काठीने जमीन मोजीत, आणि पिकाचे पाच वाटे करून तीन रयतेला व दोन सरकारला असा हिशेब असे. पीक बुडाले तर सरकारचाही वाटा बुडाला, हा या पद्धतीचा मोठा गुण. पण प्रत्येक खळ्यावर रास होईपर्यंत कोणीतरी नजर ठेवली पाहिजे, आणि त्या नजर ठेवणाऱ्यावर आणखी कोणीतरी!

पेशवाईत पुष्कळ ठिकाणी दुसरी वाट काढलेली दिसते. सरकारने गावाचा एकूण आकडा ठरवावा आणि गावात तो कोणावर किती पडावा हे पाटील-कुलकर्ण्यांनी पाहावे. कोणाचा बैल मेला, कोणाच्या घरी लग्न झाले, कोणाची विहीर आटली, हे पाटलाला विचारावे लागत नसे. तो ते जाणतच असे. अशी माहिती कोणत्याही कचेरीत मिळणार नाही. पण जो पाटील सर्वांना ओळखतो, तो आपल्या भावकीलाही ओळखतो. भावकीचे ओझे हलके व्हावे आणि गरीब उपऱ्याचे जड व्हावे, हेही त्याच ओळखीतून घडे. शेवटच्या बाजीरावाच्या काळात तर वसुलीचे मक्ते अधिक बोली करणाऱ्याला दिले जाऊ लागले. मक्ता थोड्या वर्षांचा. तेवढ्यात जितके पिळता येईल तितके पिळावे, एवढेच मक्तेदाराला कळे.

पुस्तकातला न्याय

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली. एल्फिन्स्टनने आरंभी जुनीच घडी शक्यतो मोडू दिली नाही. परंतु पाटलांच्या वाटणीतला पक्षपात इंग्रज अधिकाऱ्यांना खुपत होता. त्यांच्यापैकी रॉबर्ट कीथ प्रिंगल हा तरुण अधिकारी विलायतेत हेलिबरीच्या कॉलेजात शिकून आला होता. कंपनीचे मुलकी अधिकारी तेथे तयार होत आणि तेथे अर्थशास्त्र शिकविणारे गुरुजी होते लोकसंख्येच्या सिद्धान्ताचे जनक माल्थस. रिकार्डोचा खंडाचा सिद्धान्त तेव्हा अगदी ताजा होता. आम्ही तो दुसऱ्या वर्षाला परीक्षेपुरता शिकलो. प्रिंगलने तो पुणे जिल्ह्याच्या मातीवर प्रत्यक्ष लावून पाहिला.

त्याचा विचार ऐकायला निर्दोष वाटतो. प्रत्येक प्रतीच्या जमिनीत किती पीक येते ते पाहा. त्यातून बी, बैल, खत, मजुरी यांचा खर्च वजा करा. जे उरेल ते निव्वळ उत्पन्न. ते शेतकऱ्याच्या श्रमाचे फळ नसून जमिनीच्या कसाचे फळ आहे. तेव्हा त्यातील ५५ टक्के सरकारने घ्यावे. चांगल्या जमिनीवर अधिक, हलक्या जमिनीवर कमी. भावकीचा प्रश्न नाही, पाटलाची मेहरबानी नाही. अॅडम स्मिथचा पहिला नियम याहून शास्त्रशुद्ध रीतीने कोणी पाळू शकला असता काय?

ही आकारणी १८३० च्या सुमारास अमलात आली आणि थोड्याच वर्षांत कोसळली. इंदापूर तालुक्यात तर तिने हाहाकार उडविला. शेते पडीक पडली. काही कुटुंबे गाव सोडून निजामाच्या मुलखात निघून गेली. वसुलीसाठी शेतकऱ्यांचा जो छळ झाला तो इतका भयंकर होता की पुढे १८७२-७३ च्या मुंबई सरकारच्या प्रशासन अहवालातच त्याची कबुली आहे.

असे का व्हावे? मला यातून तीन कारणे दिसली. पहिले, निव्वळ उत्पन्न ही वस्तू शेतात दिसत नाही. पीक दिसते, बैल दिसतो. निव्वळ उत्पन्न कागदावर काढावे लागते. एका शेतकऱ्याचा खर्च किती, घरच्या माणसांची मजुरी धरायची की नाही, दुष्काळाचे साल सरासरीत कसे धरायचे, या प्रत्येक प्रश्नाला अंदाजाने उत्तर द्यावे लागले, आणि अंदाजावर अंदाज रचत गेले की शेवटचा आकडा पैपर्यंत नेमका दिसला तरी पायाशी पोकळच असतो. दुसरे, हे सारे अंदाज शेवटी खालच्या नोकरांनी गावात बसून नोंदवले. साहेबाला ना भाषा पुरी येत होती, ना माती कळत होती. हिशेब जितका बारीक, तितकी त्यात हात घालायला जागा अधिक. पाटलाचा पक्षपात काढायला गेले आणि कारकुनाचा आणून बसवला! तिसरे, मुळात मागणीच जड होती, आणि त्याच सुमारास धान्याचे भाव घसरले. शेतकऱ्याने धान्य पिकवायचे आणि सरकारला रोकड द्यायची. भाव अर्धा झाला की त्याच पैशासाठी दुप्पट धान्य विकावे लागते, ही गोष्ट सिद्धान्तात कोठेच नव्हती.

कुदळ आणि साखळी

प्रिंगलची चूक निस्तरण्याचे काम १८३५ मध्ये दोघांकडे आले. एक गोल्डस्मिड हा मुलकी अधिकारी आणि दुसरा लेफ्टनंट विंगेट हा लष्करी इंजिनिअर. सुरुवात पुन्हा इंदापुरातूनच झाली.

या दोघांनी प्रश्नाचे दोन भाग पाडले, आणि माझ्या समजुतीप्रमाणे त्यांचे शहाणपण एवढ्यातच आहे. एका शेतकऱ्याला वर्षाला किती नफा होतो, हा प्रश्न त्यांनी सोडून दिला. त्याऐवजी त्यांनी विचारले, हे शेत त्या शेताच्या मानाने किती बरे? हे मात्र कुदळ मारून पाहता येते. ३३ फुटांच्या साखळीने जमीन मोजली. अशा एका साखळीचा चौरस म्हणजे एक गुंठा आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. आपण आजही हेच बोलतो. प्रत्येक सर्व्हे नंबराला हद्दीचे दगड लागले. मग शेताच्या नकाशावर चौकटी पाडून प्रत्येक चौकटीत माती किती खोल आहे ते पाहिले. पावणेदोन हात खोल उत्तम काळी माती असेल तर पहिली प्रत, सोळा आणे. खोली कमी होत गेली की प्रत उतरत जायची. अशा नऊ प्रती होत्या आणि शेवटच्या प्रतीची किंमत दोन आणे. शिवाय मातीचे दोष वेगळे: चुनखडी आहे, वाळू मिसळली आहे, उतार आहे, पाणी साचते, ओघळाने धुपते. दोषागणिक प्रत खाली. कारकुनाने केलेल्या कामापैकी काही शेते वरिष्ठ अधिकारी पुन्हा जाऊन तपासत.

दुसरा भाग म्हणजे एकंदर दर किती असावा. त्यासाठी त्यांनी कोणताही सिद्धान्त धरला नाही. मागील कित्येक वर्षांत त्या तालुक्यात मागणी किती होती, वसूल किती झाला, लागवड केव्हा वाढली आणि केव्हा घटली, पाऊस कसा, बाजार किती दूर, हे पाहून लोकांना झेपेल असा दर बसवला. हा दर तीस वर्षे बदलणार नाही असे वचन दिले. मध्यंतरी शेतकऱ्याने विहीर खणली तरी सारा वाढायचा नाही. इंदापुरात सारा उतरला आणि पडीक जमीन पुन्हा लागवडीखाली येऊ लागली. १८४७ च्या संयुक्त अहवालाने ही पद्धत पक्की केली आणि ती मुंबई इलाख्यात पसरली. आपल्या सातबाऱ्यावरील ‘आकार’ हा शब्द त्या कुदळीपासून चालत आलेला आहे.

मग हा न्याय्य कर झाला काय? प्रिंगलच्या मानाने निःसंशय. पण यात एक सौदा आहे. प्रत्येकाच्या खऱ्या उत्पन्नाप्रमाणे कर घेण्याचा नाद त्यांनी सोडला आणि त्याच्या बदल्यात निश्चितपणा दिला. स्मिथचा पहिला नियम थोडा वाकवून दुसरा सरळ केला. आणि निश्चित रोख रकमेला पाऊस ठाऊक नसतो. चांगल्या साली ती हलकी वाटते. अवर्षणाच्या साली तीच रक्कम सावकाराच्या दारात नेऊन उभी करते. आबांच्या आजोबांचे दोन एकर असे गेले.

तीस वर्षांनंतर

निश्चितपणाला मुदत असते. इंदापूरची तीस वर्षे १८६६-६७ मध्ये संपली. त्या आधीची काही वर्षे अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव भडकले होते, त्याबरोबर इतर भावही चढले होते. जमाबंदी अधिकाऱ्यांनी वाढलेले भाव, नवे रस्ते, आगगाडी पाहून सारा पुष्कळ वाढवला. लवकरच भाव खाली आले. सारा मात्र वरच राहिला. पुण्याच्या सार्वजनिक सभेने याविरुद्ध आवाज उठवला. १८७४ मध्ये सरकारने वाढीला मर्यादा घातल्या: गावांच्या एका गटावर ३३ टक्क्यांहून, एका गावावर ६६ टक्क्यांहून आणि एका खातेदारावर १०० टक्क्यांहून अधिक वाढ नको.

या मर्यादांपाशी मी बराच वेळ थांबले, कारण माझ्या वर्गातल्या प्रश्नाचे उत्तर मला येथे मिळाले. नियमात तीन नवी पोटकलमे आली. ती कोणी हौसेने घातली नव्हती. ज्यांचा सारा एकदम अडीचपट झाला, त्यांच्या आरड्याओरड्याचे ते उत्तर होते. पण त्यामुळे एक नवी विषमता आली: ज्याचा जुना सारा चुकून फार कमी लागला होता, त्याची चूक आता पुरती दुरुस्त होणार नाही, आणि ज्याचा बरोबर लागला होता, तो म्हणणार, मग मीच काय घोडे मारले? त्याचे समाधान करायला आणखी एक पोटकलम. करकायद्यातील पुष्कळशी गुंतागुंत ही अशी थराथराने बसलेली असते. प्रत्येक थराखाली कोणाची तरी खरी तक्रार असते.

१२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांचे कागद जाळले. तेथून दंगे पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले. चौकशी आयोग नेमला गेला, आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना संरक्षण देणारा कायदा झाला. आयोगातील एक सदस्य ऑकलंड कॉल्व्हिन यांनी वाढत्या साऱ्याकडे बोट दाखवले. राग सावकारावर निघाला, पण सावकाराच्या दारात शेतकऱ्याला कोण घेऊन गेले हा प्रश्न राहिलाच. महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये तो पुढे खणखणीतपणे विचारला.

मोजणारा कसे मोजतो यावर आकडा किती अवलंबून असतो, याचे उदाहरण पाहायचे तर त्याच इलाख्यातील बारडोलीकडे पाहावे. फेरआकारणीत प्रथम सुमारे ३० टक्के वाढ सुचवली गेली. सरकारने ती सुमारे २२ टक्क्यांवर आणली. १९२८ मध्ये वल्लभभाई पटेलांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी सारा भरण्याचे नाकारले. जप्त्या झाल्या, जमिनी गेल्या, लोक हटले नाहीत. अखेर ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल या दोन अधिकाऱ्यांनी गावोगाव हिंडून खंडाची चौकशी केली तेव्हा वाढ ठरली ६ टक्क्यांच्या आसपास. जमीन तीच, पिके तीच, कायदाही तोच. पण ३०, २२ आणि ६! शेवटचा आकडा आधीच्यांहून वेगळा आला, कारण आकारणी करणाऱ्यांना पुन्हा शेतात जावे लागले, आणि ते लोकांच्या हट्टामुळे जावे लागले.

आजचे चित्र

हा सारा गतकाळचा इतिहास आहे असे कोणी म्हणेल. पण प्रश्न तेच आहेत. आपल्या आयकरातून शेतीचे उत्पन्न वगळलेले आहे. घटनेप्रमाणे त्यावर कर लावण्याचा अधिकार राज्यांकडे आहे. कोरडवाहू शेतकऱ्याच्या दृष्टीने ही सवलत रास्तच. पण तिच्या सावलीत मोठा बागायतदारही बसतो, आणि ज्याला शहरातला पैसा शेतीचा म्हणून दाखवायचा आहे तोही बसतो. १९७२ मध्ये प्रा. के. एन. राज यांच्या समितीने यावर तोड सुचवली होती. प्रत्येक भागात, प्रत्येक पिकाला साधारण किती उत्पन्न येते आणि किती खर्च होतो याचे मान ठरवावे आणि मोठ्या खात्यांवर चढता कर लावावा. वाचताना मला प्रिंगलची आठवण झाली. मान ठरवायचे कोणी? कोणत्या भागात कोणत्या सालचे? राज्यांनी ती योजना स्वीकारली नाही. अर्थात यात मतांचा हिशेब होता हे सांगायला नकोच. पण मोजणीचा प्रश्न खोटा नव्हता.

वस्तूंवरील कराचेही तेच. गरिबाच्या वस्तूवर कमी आणि चैनीच्या वस्तूवर अधिक कर असावा, हे आपल्या सर्वांना मान्य आहे. एकदा हे मान्य केले की कोणती वस्तू कशात मोडते हे ठरवणे आले. डिसेंबर २०२४ मध्ये जीएसटी परिषदेने केलेला खुलासा आमच्या कँटीनमध्ये चांगलाच गाजला होता: मीठ-मसाल्याच्या सुट्या पॉपकॉर्नवर ५ टक्के, तेच पाकीटबंद असेल तर १२ टक्के, आणि साखरेचे कॅरमेल लावलेले असेल तर १८ टक्के. आम्ही हसलो. पण जो टप्पे काढून टाका म्हणतो, त्याला विचारावे की मग सर्वांवर ५ घ्यायचे की सर्वांवर १८? २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक वस्तूंसाठी मधले टप्पे काढून ५ आणि १८ हे दोन मुख्य दर ठेवले आहेत. वाद कमी होतील, हे खरे. पण दोन दरांमध्येही एक कुंपण असतेच, आणि कुंपणापाशी भांडण असतेच.

पाऊस की कारकून?

संक्रांतीला घरी गेले तेव्हा मी कुदळ घेतली. शाळू हुरड्यात आला होता, म्हणून पिकाला धक्का न लावता बांधाच्या कडेला खड्डे घेतले. आमच्या बाजूला हातभर खणते न खणते तोच मुरूम लागला. बांधाच्या पलीकडे दीड हात खाली गेले तरी काळी माती संपेना. आबा काठावर उभे राहून पाहत होते. ‘बघ आता तूच,’ ते म्हणाले.

एवढ्यात शेजारचे नाना आले. आमच्या दोन घरांत या आकारावरून बोलाचाली कित्येकदा झाल्या असतील, पण नानांनी मला लहानपणी खांद्यावर घेऊन जत्रेला नेलेले आहे. मी त्यांना सारे सांगितले: प्रती, दोष, पावणेदोन हात. ते हसले आणि हाताने उतार दाखवीत म्हणाले, ‘पोरी, तुमचं रान वर, आमचं खाली. दीडशे पावसाळ्यांत तुमची माती वाहून आमच्या बांधाला येऊन बसली. कारकून आला तवा तुमचंच रान भारी असंल की! त्या मेलेल्या माणसाला कशाला बोल लावता?’

आबा काही वेळ बोलले नाहीत. मग एवढेच म्हणाले, ‘म्हंजे माती गेली तिकडं, आन् आकार ऱ्हायला हिकडं.’

खरे काय, कारकुनाने लबाडी केली की पावसाने, हे आता कोणी सांगू शकणार नाही. दोन्ही शक्य आहे. पण नानांचे खरे धरले तर मोजणीच्या दिवशी आकार अगदी न्याय्य होता. कोणीही चूक केली नव्हती. जमीनच बदलली आणि कागद बदलला नाही. कागद रोज बदलायचा ठरवला तर निश्चितपणा गेला; न बदलायचा ठरवला तर न्याय गेला. या दोन्हींच्या मध्ये कोठेतरी रेघ ओढावी लागते, आणि ती कोठेही ओढली तरी कोणाचे तरी दोन एकर पलीकडे राहतात.

म्हणून कर कायमचा न्याय्य करता येईल असे मला आता वाटत नाही. परंतु यावरून सगळेच कर सारखे अन्यायी असतात असा निष्कर्ष कोणी काढू नये. प्रिंगलची आकारणी आणि विंगेटची आकारणी यांत उजाड गाव आणि नांदते गाव एवढे अंतर होते. उद्या कोणी एखादा साधा, सोपा, सर्वांना न्याय देणारा कर घेऊन आपल्यापुढे आला, तर वाचकहो, त्याला तीन प्रश्न जरूर विचारावेत. मोजणार कोण आणि त्याचे काम कोण तपासणार? पुन्हा केव्हा मोजणार? आणि मोजणी चुकली असे मला वाटले तर मी कोणाच्या दारात जायचे? आबांच्या आजोबांना या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर कोणी दिले नव्हते. त्यांना सावकाराचे दार तेवढे माहीत होते.

दोन्ही सातबारे मी सरांना नेऊन दाखवले. त्यांनी ते शांतपणे वाचले आणि पुढच्या तासाला वर्गात फिरवले. त्या दिवशी कोणी हसले नाही.